शपथेवर हरलेली फटफटी

त्या काळी वाशीमात फटफटी एकच होती आणि ती माझी होती, हे मी आजही कोणी न विचारता सांगतो. मी सरकारी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं ती मला पडत्या भावात दिली, आणि मी ती घेऊन घरी आलो तेव्हा आमच्या गल्लीतली कुत्री, म्हातारी माणसं आणि माझी बायको, सगळीच एकदम ओरडली. कुत्र्यांना पुढं सवय झाली.

फटफटीचे दोष मला ठाऊक नव्हते असं नाही. चढावर ती धापा टाकायची, उतारावर थांबायला तयार नसायची आणि चिखलात तर जागचीच हलायची नाही. पण ही घरातली गोष्ट झाली. चार लोकांत मी वेगळं बोलायचो. जऊळक्याच्या स्टेशनवर एकदा मी बोलून गेलो, की आगगाडी इथून सुटली की मी निघतो आणि पाहुण्यांचं सामान उतरवून घ्यायला वाशीमच्या फलाटावर हजर असतो. हे खरंही होतं. एकदाच घडलं होतं, आणि त्या दिवशी आगगाडी मधेच कुठंतरी खोळंबली होती, पण तेवढं सांगायचं काही कारण नव्हतं.

आता पाटलांकडं वळतो. आसेगावकडचे हे मोठे शेतकरी. पाटलांना शेती होती, लेकी-सुना होत्या, पण जीव होता तो बैलजोडीत. हिवाळ्यात आमच्याकडं गावोगाव शंकरपट भरतात. दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडायच्या, आधी पोचेल ती जिंकली, आणि मग वर्षभर त्यावर बोलायचं. पाटलांची पांढरी जोडी बरीच वर्षं जिंकत आली होती. जावई आला तर पाटील वाटीत तूप मोजून वाढत, बैलांना मात्र हंड्यातून पाजत. मी त्यांच्या बैलांचे खूर पाहायला जायचो तेव्हा बैलांची तब्येत आधी विचारावी लागे, मग पाटलांची.

पाटलांचा एक नेम होता. बसायची हलकी बैलगाडी, जिला आम्ही दमणी म्हणतो, ती घेऊन ते रस्त्यानं निघाले की मागून कोणी पुढं जाता कामा नये. जो पुढं काढायला लागला त्यानं पाटलांना शर्यतीला बोलावलं, असा त्याचा सरळ अर्थ. सगळ्या आसेगावला हे माहीत होतं. बाजाराला जाणारे लोक मैल मैल त्यांच्या मागं धूळ खात चालायचे, पण पुढं जायचं नाव घ्यायचे नाहीत. मलाही माहीत होतं. फक्त यात फटफटीही मोजतात हे माहीत नव्हतं.

दसरा होऊन गेला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. आसेगावात गुरांना खुरकत झाल्याचा निरोप आला म्हणून मी निघालो. निम्म्या वाटेवर पुढं पाटलांची दमणी दिसली. मी रबरी भोंगा दाबला. पाटलांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद पसरला, की मला वाटलं माणसाला डॉक्टर भेटल्याचा किती आनंद होतो. मी उजवीकडून पुढं काढायला लागलो तसे ते दमणीत उभे राहिले, कासरा सैल सोडला आणि अशी आरोळी ठोकली, की माझाच हात दचकला.

बैल सुटले. माझ्या एका बाजूला चाकं, घुंगरं आणि पाटलांचं उडतं धोतर, दुसऱ्या बाजूला कपाशी. मी गुरांचा डॉक्टर आहे. शेजारी यंत्र धडधडत असताना बैल असे ऊर फुटेस्तोवर पळाले तर काय होतं ते मला कळत होतं. मी वेग कमी केला आणि बैल पुढं गेले. तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण मी परत डोकं वर काढू नये म्हणून पाटलांनी दमणी तशीच भरधाव रस्त्यावर आडवी घातली, चाकाच्या आसाचं टोक माझ्या हँडलात अडकलं आणि मी कपाशीत जाऊन पडलो. फटफटी माझ्या उजव्या पायावर पडली आणि पडल्या पडल्याही तिचं फटफट चालूच होतं.

पाटील बरेच पुढं जाऊन वळले. लांबूनच त्यांचा आवाज आला, "काय डॉक्टर सायब, सरला का दम?"

जवळ आले तेव्हा त्यांचं तोंड पार उतरलं. त्यांनी एका दमात फटफटी माझ्यावरून उचलली. "मले वाटलं, तुमी खेळून राह्यले," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी मला दमणीत आडवं केलं, डोक्याखाली स्वतःचा फेटा ठेवला आणि म्हणाले, "हालू नका. आता पाहा कसा नेतो तुमाले." मग त्याच बैलांनी त्याच चालीनं मला वाशीमला आणलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याची माझ्या पायाला ओळख झाली. मी ओरडलो की पाटलांना वाटे मला घाई झालीय, आणि ते आणखी हाणत.

पाय जुळला, पण आखूड जुळला. पाटील तूप घेऊन मला पाहायला यायचे, खाटेशी बसून बैलांच्या गप्पा सांगायचे. मला त्यांचा राग होता, पण तूप चांगलं असायचं.

मग आमचे वरचे साहेब दौऱ्यावर आले. खाटेजवळ उभ्या उभ्याच बोलले. गावात बोलतात, की तुमच्या वाहनाला जनावरं बुजली म्हणून हे झालं. गुरं बुजवणारा माणूस गुरांच्या दवाखान्यात ठेवता येणार नाही. दोष तुमचा नव्हता असं कोर्टानं म्हटलं तर कामावर या, नाही तर दुसरं काही बघा. एवढं बोलून ते गेले. राहतं घर सरकारी, म्हातारी आई, दोन मुली, आणि गुरांपलीकडं मला काही येत नव्हतं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. पाय मोडला तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

बायकोनं नात्यातल्या एका वृद्ध वकिलांना बोलावून आणलं. त्यांना आम्ही वकीलकाका म्हणायचो. बांधाचे, दत्तकाचे आणि म्हशीचे खटले त्यांनी जन्मभर चालवले होते, फटफटीचा हा पहिलाच. ओट्याखाली ठेवलेल्या यंत्राभोवती त्यांनी लांबूनच एक चक्कर मारली, तपकीर ओढली आणि विचारलं, "ही आत्ता सुरू होणार नाही ना?"

"नाही काका."

"नक्की?"

मग त्यांनी खटला मांडला. पाटलांवर नुकसानभरपाईचा दावा लावायचा. पाटील म्हणणार, फटफटीच्या आवाजानं बैल भ्याले आणि उधळले, त्याला मी काय करू? तसं ठरलं तर दोष माझा. म्हणून आपण सांगायचं, की मी हळू चालवत होतो, बैल माझ्यापुढं निघून गेले, आणि मग दमणी आडवी आली. भ्यालेलं जनावर बाजूला पळेल, नाही तर रान धरेल. ते तुझ्यापुढं जाऊन नेमकं तुला आडवं येईल का?

मी म्हणालो, "म्हणजे बैलांनी फटफटीला हरवलं, असं म्हणायचं?"

"तसंच झालं ना?"

"झालं. पण म्हणायचं?"

काकांनी पुन्हा तपकीर ओढली. मी त्यांना सांगितलं, की काका, दुसरं काहीही सांगतो. पाटलांनी मला ढकललं म्हणून सांगतो. काका म्हणाले, शपथेवर जे झालं तेच सांगायचं, आणि झालं ते हेच. मी भिंतीकडं तोंड करून झोपलो.

बायकोनं हे आतून ऐकलं होतं. जेवायला वाढताना म्हणाली, "अहो, कोर्टात फटफटी हरली तर फटफटीची अब्रू जाईल. नोकरी गेली तर आपली जाईल. दोघांत तुमच्या जवळचं कोण, ते तुम्हीच ठरवा."

मी म्हणालो, "विचार करतो."

तिनं भाकरी ताटात टाकली ती जरा जोरातच.

तिकडं पाटलांचीही तीच गत होती, हे मला मागाहून कळलं. त्यांच्या वकिलानं त्यांना शिकवलं, की कोर्टात म्हणायचं, बैल भ्याले. पाटील म्हणाले, "माहे बैल भेत नाईत." वकील म्हणाला, सगळीच जनावरं भितात. पाटील म्हणाले, "तुमचे भेत असतील." दोन बाजूला दोन वकील डोकं धरून बसले होते, कारण एका अशिलाला आपलं यंत्र हळू होतं असं म्हणायचं नव्हतं आणि दुसऱ्याला आपले बैल भित्रे आहेत असं. शेवटी घरच्या लोकांनी पाटलांना गळ घातली, की कोर्टात हरलात तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांनी कशीबशी मान डोलावली. बैलांना मात्र त्यांनी हे सांगितलं नाही, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

तारखेच्या आदल्या दिवशी वकीलकाकांनी मला अंगणात चालायला लावलं. त्यांना माझं लंगडणं पुरेसं वाटत नव्हतं. "जरा ओढून टाक पाय. न्यायाधीशाला लांबून दिसलं पाहिजे." मी जीव तोडून ओढला. काका खूश झाले आणि बायको दारातून म्हणाली, "मोडलेला पाय उजवा आहे."

कोर्टात आसेगाव लोटलं होतं. फटफटी कोर्टात काय सांगते ते ऐकायला वाशीमचे लोकही आले होते. मुन्सफ साहेब नवे, पुण्याकडचे. मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली आणि काकांनी विचारलं तसं सांगितलं, की भोंगा वाजवला, बाजूनं काढायला लागलो, वेग कमी केला, दमणी पुढं गेली आणि आडवी आली. झालं तसं सगळं बोललो. फक्त 'बैल' हा शब्द मी तोंडातल्या तोंडात बोललो.

मग पाटलांचा वकील उठला. "डॉक्टर, जऊळक्याच्या स्टेशनवर तुम्ही सांगितलं होतं ना, की तुमची फटफटी आगगाडीला मागं टाकते?"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मी म्हणालो, "सांगितलं होतं."

"आगगाडीला मागं टाकणारी गाडी त्या दिवशी हळू होती?"

"होती."

"म्हणजे बैलांच्या मागं राहिली?"

काका तपकिरीची डबी हातात घट्ट धरून बसले होते. मी पाटलांकडं पाहिलं. ते बाकावरून पुढं झुकले होते, तोंड उघडं, आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. त्या एका क्षणात मला आई दिसली, मुली दिसल्या, जोरात पडलेली भाकरी दिसली. मी मोठ्यानं म्हणालो, "राहिली."

वकील हसून म्हणाला, "सरळ सांगा ना. फटफटी हरली?"

"हरली," मी म्हणालो. "बैल जिंकले."

असा हशा पिकला, की पट्टेवाल्याला तीनदा ओरडावं लागलं. माझे कान तापले होते. मुन्सफ साहेबही खाली पाहून काहीतरी लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

आता पाटलांची पाळी आली. ते पिंजऱ्यात चढले ते लग्नाच्या मांडवात चढावं तसे. त्यांच्या वकिलानं ठरल्याप्रमाणं विचारलं, "पाटील, फटफटीच्या आवाजानं तुमचे बैल भ्याले, बरोबर?"

पाटलांनी फेटा सारखा केला. वकिलानं पुन्हा विचारलं. पाटलांनी माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"सायब, एक इचारू? हे डॉक्टर शिकलेले मानूस. सरकारी नोकर. त्यायनं शपथ घिऊन सांगतलं का माह्या बैलायनं फटफटी हरवली. आता म्या म्हनू काय, का बैल भेऊन पयाले?"

"विचारलं त्याचं उत्तर द्या," वकील म्हणाला.

"देऊन राह्यलो ना! भेलेला बैल कधी पट जितते काय?"

मुन्सफ साहेबांनी विचारलं, "पट म्हणजे काय?"

ते विचारायला नको होतं. सगळं कोर्ट एकदम बोलायला लागलं. आसेगावची माणसं उठून उभी राहिली, कोणी हातानं दोन जोड्या दाखवल्या, कोणी आरोळी देऊन दाखवली. पट्टेवाल्यानंही ओरडायचं सोडून साहेबांना समजावून सांगायला घेतलं. शांतता झाली तेव्हा साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही शर्यत लावली होती?"

"व्हय सायब. त्यायनं भोंगा वाजोला, म्या कासरा सोडला. बैल आपल्या मनानं नाई पयाले, म्या पयवले. पुढं गेल्यावर आडवी बी म्याच घातली. डॉक्टरचा दोस नाई. त्यायले वाटलं रस्ता हाय, मले वाटलं पट हाय." मग आवाज खाली आला. "पाय मोडला त्यायचा. थे वाईट झालं. पन बैल भेले, हे माह्या तोंडून निघनार नाई. बैलानं काय वाईट केलं माहं?"

त्यांचा वकील खाली बसला आणि कागद गोळा करायला लागला. माझ्या मनातला राग तिथंच गेला. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, पण मधे पिंजरा होता आणि मी वादी होतो.

निकाल माझ्या बाजूनं लागला. दोष डॉक्टरांचा नाही असं साहेबांनी स्वच्छ लिहिलं, आणि मी परत कामावर रुजू झालो. पाटलांनी भरपाई तक्रार न करता भरली. एवढंच नाही, तर त्यांनी निकालाची नक्कल मागितली. हरलेला माणूस नक्कल कशाला मागतो म्हणून कारकुनाला वाटलं अपील करणार. पाटलांनी ती काचेत घालून ओसरीवर लावली. बैल फटफटीच्या पुढं गेले, हे सरकारी शिक्क्यासकट तिच्यात लिहिलेलं होतं. आलेल्या गेलेल्याला ते ती वाचून दाखवायला लावत, आणि मी गेलो की मलाच.

मी जिंकलो तो असा. गावोगाव पोरं मला पाहून बैलासारखं हंबरायची. शेतकरी गाय दाखवायला आणत, पण आधी विचारत, "डॉक्टर सायब, थे बैल लई जोरात होते काय?" मी म्हणायचो, हो, लई जोरात होते. गाय तपासून होईपर्यंत त्यांचं हसू संपत नसे.

आखूड पायानं फटफटीला लाथ मारता येईना. सुरू करायला दर वेळी कोणाला तरी बोलवावं लागे, आणि वाशीमात तिला हात लावायला धजेल असा कोणी नव्हता. ती ओट्याखालीच राहिली आणि बायकोनं तिच्यावर गोवऱ्या रचल्या. फटफटीच्या आधी मी सायकलीवर फिरायचो, पुन्हा तिच्यावर बसून पाहिलं, तेही जमेना. बाहेरगावी कसं जायचं या काळजीत होतो, तेवढ्यात एका सकाळी दारात घुंगरं वाजली. पाटील दमणी घेऊन उभे होते.

"चला. कोनत्या गावाले जाचं हाय?"

"पाटील, भरपाई तुम्ही भरली. आता काही राहिलं नाही."

"थे कोर्टाचं झालं," ते म्हणाले. "चढा आता. बैल कवाचे उभे हायेत."

त्या हंगामात मी त्याच बैलांच्या मागं बसून पुष्कळ गावं फिरलो. पाटलांच्या नेमाप्रमाणं आमच्या पुढं कोणी गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची मजा वाटायला लागली होती.

एकदा आसेगावहून परतताना मागून भोंगा ऐकू आला. प्रवासी मोटार होती. बैलांनी कान टवकारले. पाटलांनी मागं पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर तो ओळखीचा आनंद पसरला. माझा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला. पाटलांचं लक्ष त्या हाताकडं गेलं.

त्यांनी कासरा ओढला. दमणी रस्त्याच्या कडेला घेतली, अगदी कपाशीला खेटून, खाली उतरले आणि दोन्ही बैलांची तोंडं छातीशी धरून उभे राहिले. बैलांना काही समजेना, ते खुरांनी माती उकरत होते. मोटार आरामात पुढं गेली. आतली माणसं वाकून वाकून पाहत होती. धूळ आमच्या अंगावर बसली. पाटलांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची धूळ खाल्ली, आणि ती माझ्यासाठी खाल्ली. माझे डोळे भरून आले. धुळीनं असतील, असं मी त्यांना म्हणालो.

ते परत चढून बसले. फेट्याच्या शेवानं तोंडावरची धूळ पुसली. मग समोर पाहतच म्हणाले, "डॉक्टर सायब, गावात सांगू नका."

मी म्हणालो, "कोणी विचारलंच तर सांगेन, मोटार मागं राहिली."

"शपथेवर?"

"शपथेवर," मी म्हणालो, आणि पाटलांनी बैल हाकले.